पॉलिटेक्निकमार्गे इंजिनिअरिंग

दहावीनंतर तीन वर्षांची पदविका आणि मग थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, हा इंजिनिअरिंगच्या पदवीचा दुसरा रस्ता. पालघरच्या सेंट जॉन संकुलात पदविका आणि पदवी दोन्ही अभ्यासक्रम शिकवले जातात. बोईसरला थीम अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पदविका घराजवळ करून पदवीसाठी मुंबईच्या व्हीजेटीआयसारख्या नामवंत संस्थेत जाणे शक्य असते. थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाला एमएचटी-सीईटी ही प्रवेश परीक्षा लागत नाही. गुणवत्ता यादी पदविकेच्या गुणांवर लागते आणि प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षाच्या केंद्रीय फेऱ्यांतून होतात. चांगल्या संस्थांत जागा मोजक्याच, त्यामुळे ४५ टक्क्यांची किमान पात्रता (आरक्षित प्रवर्गांना ४०) तिथे नावापुरती ठरते. आयआयटीत मात्र बी.टेक.ला हा मार्ग नाही.

या मार्गात अडचण बहुधा गणिताची. पदविकेचा भर प्रत्यक्ष कामावर असतो, आणि पदवीच्या दुसऱ्या वर्षाचे गणित पहिल्या वर्षाचा पाया गृहीत धरते. त्यातच फेऱ्या लांबल्या, तर वर्ग आधीच सुरू झालेले असतात. मात्र पदवी अर्धवट राहिली तरी नोकरीसाठी पदविका हाती उरते. तारापूर एमआयडीसीच्या कारखान्यांशेजारी राहणाऱ्या कुटुंबांना हा हिशेब वेगळा सांगावा लागत नाही.