कंपवात आणि आहारातील लोह

कंपवाताच्या रुग्णाने लोहयुक्त आहार वर्ज्य करावा काय, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. रुग्णांच्या मेंदूत लोहाचा संचय होतो, हे लेर्मिट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२४ मध्येच दाखवून दिले होते. मध्यमस्तिष्कातील ज्या ‘कृष्णद्रव्या’त डोपामीन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट होतात, तेथे हा संचय विशेष आढळतो. मोकळे लोह व हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या प्रक्रियेतून हायड्रॉक्सिल मूलक उत्पन्न होतो आणि त्यामुळे पेशीपटलातील मेद नासतो. मात्र हा संचय रोगाचे कारण की परिणाम, हा वाद अद्याप मिटलेला नाही.

तेवढ्यावरून ताटातील लोहास दोषी ठरविणे घाईचे होय. आतड्यातून दररोज अवघे १ ते २ मिलिग्रॅम लोह शोषले जाते व यकृतातील हेप्सिडिन हे संप्रेरक त्याचे नियमन करते. आहारविषयक पाहण्यांचे निष्कर्षही परस्परांशी जुळत नाहीत. शिवाय डोपामीनच्या निर्मितीतील प्रमुख विकरालाच लोह लागते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेली युरोपातील चाचणी या दृष्टीने उद्बोधक आहे. लेव्होडोपा सुरू न झालेल्या ३७२ नवनिदान रुग्णांपैकी काहींना लोहबंधक डेफेरिप्रोन, तर इतरांना निष्क्रिय गोळी ३६ आठवडे देण्यात आली. औषधाने कृष्णद्रव्यातील लोह घटले. लक्षणे मात्र निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपेक्षा अधिकच बिघडली.

नागपूरकडील वैद्यकास हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. ही आकडेवारी वृद्धांची नव्हे, हे खरे. पण वार्धक्याने रक्तक्षय आपोआप मिटतो असेही नाही. अशा प्रदेशात पालेभाजी किंवा लोखंडी तव्यावरील भाकरी सोडावयास सांगणे अनाठायी ठरेल. जेवणासोबतच्या संत्र्यातील क जीवनसत्त्व वनस्पतिज लोहाचे शोषण वाढविते, तेही टाळण्याचे कारण नाही. उलटपक्षी, प्रत्येक रक्तक्षय लोहाभावाचाच असतो असेही नव्हे. विदर्भात दात्रपेशी रक्तक्षय बराच आढळतो व वारंवार रक्त दिलेल्या अशा रुग्णांत लोह साचून राहते. म्हणून गोळ्या देण्यापूर्वी रक्तातील फेरिटिन तपासणे इष्ट.

खरी दक्षता गोळ्यांच्या वेळेबाबत हवी. लोहक्षार आतड्यात लेव्होडोपाशी बद्ध होतात व त्याचे शोषण सुमारे निम्म्यावर येऊ शकते. यास्तव दोन्ही औषधांत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. खाजकुहिलीच्या बियांतही लेव्होडोपाच असल्याने, त्यांचे चूर्ण घेणाऱ्या रुग्णासही हे अंतर पाळावयास सांगावे.