पूर ओसरल्यानंतरचीं घरें

पंचगंगेचा पूर आम्हां कोल्हापूरकरांस नवा नाहीं. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती यांचें पाणी एकत्र होऊन राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी गांठूं लागलें, कीं नदीकांठचीं कुटुंबें सामान माळ्यावर चढवितात. परंतु सन २०१९ च्या ऑगस्टमध्यें तेथील पातळी ५५ फुटांच्याही वर गेली, आणि सन २०२१ च्या जुलैमध्यें तिनें ५६ फूट ओलांडले. त्या दिवसांतील होड्या, अन्नछत्रें व कपड्यांचे ढीग सर्वांनीं पाहिले. पुढें सहा महिन्यांनीं वृद्धांच्या घरांचें काय होतें, इकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं.

आमच्या परिचयाचें एक वृद्ध दांपत्य नदीकडील एका गल्लींत राहतें. दगडी जोतें, पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, सागवानी खांब, असें तें जुनें घर. मुलगे नोकरीनिमित्त पुण्यास. सन २०२१ मध्यें पाणी खिडकीपर्यंत चढलें. पूर ओसरतांच एका गवंड्यानें मोठी उचल घेतली, गिलावा खरवडला, परांची बांधली आणि तो जो गेला तो पुन्हा आला नाहीं. तेव्हां “दिवाळीपूर्वीं दुसरा माणूस पाहून काम उरकून घ्या,” असा आग्रह आम्हींच केला. दुसऱ्यानें ओल्या भिंतीवर सिमेंट थापलें. पुढच्या पावसाळ्याआधींच तें फुगून पत्र्यासारखें सुटलें. दोनदां पैसे गेले, आणि दुसऱ्या वेळचा दोष आमच्या घाईचा होता.

असें कां झालें? मातीची भिंत पाणी शोषून घेते व तें हवेंत सोडूनच कोरडी होते. सिमेंटचा घट्ट थर ही वाट बंद करितो. मग कोंडलेली ओल भिंतींतून वर चढते, तिच्याबरोबर आलेले क्षार गिलाव्याच्या मागें सांठतात, भिंतीस लोणा लागतो आणि थर पोकळ होतो. चुन्याचा गिलावा ओल बाहेर जाऊं देतो. आपल्या पूर्वजांनीं चुना वापरला तो उगीच नव्हे. म्हणून पाण्याच्या खुणेच्या हातभर वरपर्यंत जुना गिलावा काढावा, दारें-खिडक्या उघड्या ठेवाव्या आणि थांबावें. जाड भिंतीस दिवाळी पुरत नाहीं. फाल्गुन-चैत्राचें ऊन लागतें. परीक्षा सोपी आहे. प्लास्टिकचा एक तुकडा चारी कडांनीं भिंतीस चिकटवून एक अहोरात्र ठेवावा. आंतून थेंब धरले तर भिंत अजून ओली आहे. विजेचीं बटणें मात्र जाणत्या वायरमननें तपासल्याखेरीज कोणीं दाबूं नयेत.

पैशाची गोष्ट याहून नाजूक. जुन्या पिढीचा शब्दावर विश्वास, आणि कागद मागणें म्हणजे समोरच्याचा अपमान, अशी समजूत. तरी काम, दर व मुदत एका कागदावर लिहून उभयतांच्या सह्या घ्याव्या, आणि जेवढें काम होईल तेवढेच पैसे द्यावे. कोणी काम टाकून गेलाच, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आंत तक्रार करितां येते. दिलेली रक्कम पांच लाखांपर्यंत असल्यास फी नाहीं. शिवाय १९८७ च्या विधि सेवा कायद्यानें पूरग्रस्तांस वकिलाची मदत विनामूल्य मिळूं शकते. जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो, एवढेंच. वृद्धांसाठीं १४५६७ हा दूरध्वनि क्रमांकही आहे. हें सर्व आम्हांसही त्या वेळीं ठाऊक नव्हतें.

विद्यार्थ्यांनीं घमेलीं उचलावीं असें आमचें म्हणणें नाहीं. शेजारच्या आजोबांचा करारनामा त्यांस मोठ्यानें वाचून दाखवावा, दर पंधरवड्यास त्याच जागेवरून भिंतीचें छायाचित्र घ्यावें, गवंडी आला असतां घरांत कोणी तरी बसावें. आजोबा आपण होऊन मागणार नाहींत. त्यांस विचारावें लागतें.

त्या घराची भिंत पुढें एक सबंध उन्हाळा उघडी ठेविली व मग तीस चुन्याचा गिलावा झाला. तो अद्याप टिकून आहे. आजीबाई मात्र मिळकत पत्रिका व रेशनकार्ड यांची पिशवी अजूनही माळ्यावरच ठेवितात.