मध्ययुगीन इतिहासावरील नियतकालिक-चित्रे : संग्रह आणि साहित्याभ्यास

मराठी ऐतिहासिक कादंबरीचा उदय आणि नियतकालिकांचा प्रसार या परस्परसंबद्ध घटना होत. हरि नारायण आपटे यांची ‘उषःकाल’ प्रथम ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः प्रसिद्ध झाली. ‘मासिक मनोरंजन’ (१८९५) आणि पुण्याच्या चित्रशाळेचे ‘चित्रमय जगत’ (१९१०) यांच्या काळात वाचकाच्या मनातील मध्ययुग केवळ शब्दांनी नव्हे, तर चित्रांनीही घडत होते. तथापि या चित्रांचा विचार बहुधा सजावट म्हणूनच होतो. त्यामुळे त्यांचा संग्रह कसा करावा हा प्रश्न छंदापुरता मर्यादित न राहता साहित्याभ्यासाच्या साधनांचा प्रश्न ठरतो.

येथे ‘मूळ चित्र’ या संज्ञेचे दोन अर्थ संभवतात. एक, चित्रकाराच्या हातचे रेखाटन. दुसरा, त्या अंकासाठी प्रथम छापले गेलेले पान. पहिल्या प्रकारची चित्रे विरळा आढळतात. संग्राहकाच्या हाती येतात ती मुख्यतः दुसऱ्या प्रकारची, आणि त्यांची पारख मुद्रणाच्या खुणांवरून करावी लागते. हाफटोन ठशाने छापलेले चित्र भिंगाखाली पाहिले असता लहानमोठ्या ठिपक्यांची जाळी दिसते. तिरंगी चित्रात पिवळे, तांबडे व निळे ठिपके एकमेकांशेजारी येतात. शिळाप्रेसवरील चित्रात अशी नियमित जाळी नसते. छापील चित्रावरून पुन्हा ठसा घेतला असल्यास जाळीवर जाळी पडून नागमोडी आकृती उमटण्याचा संभव असतो. रंगीत चित्र गुळगुळीत कागदावर स्वतंत्रपणे छापून अंकात चिकटवण्याची पद्धत असल्यामुळे अशी पाने सहज सुटतात, आणि सुटी म्हणूनच विकली जातात.

सुट्या पानाने नेमके काय हरवते, हे छत्रपती शिवाजी महाराजांच्या चित्रांवरून स्पष्ट होते. १९३३ साली वा. सी. बेंद्रे यांनी महाराजांचे विश्वसनीय चित्र प्रसिद्धीस आणले. त्यापूर्वी इब्राहीमखानाचे एक चित्र महाराजांचे म्हणून प्रचलित होते. साहजिकच नियतकालिकातील एखाद्या चित्राचा चित्रकार कोणत्या आधारावर विसंबला, हे ठरवताना १९३३ ही महत्त्वाची सीमारेषा ठरते. परंतु जुनी प्रतिमा नव्या शोधानंतर एकदम लोप पावते असे नाही; म्हणून केवळ चेहऱ्यावरून चित्राचा काळ निश्चित करता येत नाही. त्यासाठी अंकाचा महिना व वर्ष हवे. कात्रीने कापलेल्या पानावर नेमके तेच नसते.

शैलीचा प्रश्नही असाच आहे. म. वि. धुरंधर (१८६७–१९४४) यांच्या चित्रांत पाश्चात्त्य वास्तववादी पद्धतीचे छायाप्रकाश व शरीररचनेचे भान आढळते. १९४५ पासून ‘दीपावली’ काढणाऱ्या दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांच्या चित्रांत लयबद्ध रेषा व रंगांची प्रसन्नता प्रभावी ठरते. विषय शिवकालाचा असला तरी प्रत्येक चित्र आपल्याच काळाची अभिरुची व्यक्त करते. म्हणून सतराव्या शतकातील वेशभूषेचा पुरावा म्हणून अशा चित्रांकडे पाहणे धोक्याचे. विसाव्या शतकातील वाचकाच्या इतिहासकल्पनेचा पुरावा म्हणून मात्र त्यांचे मोल मोठे आहे. हा पुरावा चित्र, त्याखालील ओळ, शेजारचा मजकूर आणि जाहिराती यांच्या एकत्रित वाचनातून मिळतो. ग्रंथालयांत वार्षिक खंड बांधताना वेष्टने व जाहिरातींची पाने पुष्कळदा काढून टाकली जात. त्यामुळे खाजगी संग्रहातील अखंड अंकाला विशेष महत्त्व येते.

यावरून संग्रहाची काही पथ्ये निष्पन्न होतात. शक्यतो संपूर्ण अंक मिळवावा व त्यातून चित्र वेगळे करू नये. सुटे पानच मिळाल्यास त्याच्या मागील बाजूचा मजकूर, पृष्ठांक, चित्रकाराची सही आणि ते कोठून मिळाले याची नोंद वेगळ्या कागदावर ठेवावी. मागील पानावरील क्रमशः कथेच्या तुकड्यावरूनही अंकाचा शोध लागू शकतो. जुना कागद आम्लामुळे पिवळा व ठिसूळ होतो. त्याला चिकटपट्टी लावू नये, प्रखर उजेडात चौकटीत टांगू नये. भिंतीवर चौकटीत लावलेले पान शोभा देते. परंतु ते कोणत्या कथेसाठी, कोणत्या वाचकासाठी छापले गेले याचे उत्तर अंकासोबत राहिलेले पानच देऊ शकते.