माध्यमिक शाळेतील बेशिस्त आणि शैक्षणिक संपादणूक

१. प्रास्ताविक

तासिकेत बोलत राहणे, गृहपाठ टाळणे, शिक्षकांना उलट उत्तर देणे अशा वर्तनाला आपण सरसकट 'बेशिस्त' म्हणतो. बेशिस्तीमुळे गुण कमी होतात, हे विधान खरे असले तरी अपुरे आहे. या दोहोंतील परस्परसंबंध आणि त्यातील भाषेचे स्थान येथे पाहू.

२. वर्तनाचा संपादणुकीवरील परिणाम

३५ मिनिटांच्या तासिकेतील ५ मिनिटे वर्ग शांत करण्यात गेली, तर ८ तासिकांत ४० मिनिटे, म्हणजे दररोज एका तासिकेहून अधिक वेळ वाया जातो. ही हानी एकट्या खोडकर विद्यार्थ्याची नसून संपूर्ण वर्गाची असते. गणितासारख्या विषयात एक पायरी निसटली की पुढची उमगत नाही.

३. उलट दिशेचा संबंध

पुष्कळदा अपयश हेच बेशिस्तीचे कारण असते. नववीत पोहोचूनही ज्याला उतारा सलग वाचता येत नाही, त्याला सर्वांसमोर वाचण्यापेक्षा खोडी काढून वर्गाबाहेर जाणे सोपे वाटते. शिक्षेमुळे तास बुडतो, तास बुडाल्याने तो आणखी मागे पडतो आणि हे चक्र चालू राहते.

४. बोली आणि उद्धटपणाचा गैरसमज

भाईंदर पश्चिमेकडील मुर्धा, राई, मोरवा या गावांच्या परिसरात आगरी बोली ऐकू येते. या बोलीत 'पाणी'चे 'पानी' होते. वडीलधाऱ्यांनाही 'तू' म्हणण्याची रीत आढळते. घरी आजोबांना आपुलकीने 'तू' म्हणणारे मूल शाळेत शिक्षकांनाही तसेच संबोधते. प्रमाणभाषेच्या निकषावर हा उद्धटपणा ठरतो. बोलीच्या दृष्टीने तो नसतो. वारंवार टोकले गेलेले मूल उत्तर देणेच सोडते आणि त्याचे मौन 'अभ्यास नाही' असे वाचले जाते. प्रमाणभाषा शिकवणे आवश्यकच आहे. मात्र ती बोलीला कमी लेखून शिकवू नये.

५. उपायांची दिशा

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई आहे. पर्यायी वाट मात्र मराठी समाजाला त्याआधीपासून परिचित आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. तेथील छात्रालयाची जबाबदारी सांभाळताना त्यांनी शिक्षेऐवजी स्वतःच्या कृतीचा आदर्श ठेवला. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत, पसारा आवरत. त्यांच्याशी संवाद राहावा म्हणून त्यांनी हस्तलिखित 'छात्रालय दैनिक'ही चालवले. शिस्त भीतीतून नव्हे, तर नात्यातून येते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

६. सारांश

बेशिस्त ही अपयशाचे कारण, परिणाम किंवा केवळ भाषिक गैरसमजही असू शकते. म्हणून शिक्षा ठरवण्यापूर्वी कारण शोधणे आवश्यक ठरते.

स्वाध्याय

तुमच्या परिसरातील बोलीत वडीलधाऱ्यांना कसे संबोधतात? ते संबोधन वर्गात कोणता गैरसमज निर्माण करू शकेल, हे सोदाहरण लिहा.