पहिल्याने गप्प बसावे : कृपादाने, उपासना आणि मंडळी

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातला चौदावा अध्याय आपल्या मंडळ्यांमध्ये बहुधा वाद पेटल्यावरच उघडला जातो. एक पक्ष एकोणचाळिसाव्या वचनावर बोट ठेवतो : अन्य भाषांत बोलणाऱ्यांना मना करू नका. दुसरा पक्ष लगेच चाळिसावे वचन दाखवतो : सगळे शिस्तीने आणि व्यवस्थित होऊ द्या. दोघेही आपापले वचन घेऊन घरी जातात. तिसावे वचन मात्र कुणी वाचत नाही. उपासनेत एकजण बोलत असताना बसलेल्या दुसऱ्याला देवाकडून काही प्रकट झाले, तर पहिल्याने गप्प बसावे, असे तिथे सांगितले आहे. माझ्या मते सगळ्या अध्यायाचा प्राण या छोट्या सूचनेत आहे. पौलाला हवी असलेली शिस्त म्हणजे बोलणाऱ्याने थांबणे. ज्यांची पाळी कधी येत नाही त्यांची पाळी यावी, एवढ्यासाठी ती आहे.

हे कळायला करिंथ कसे होते ते पाहावे लागते. इ. स. पूर्व १४६ मध्ये रोमनांनी ते शहर उद्ध्वस्त केले आणि इ. स. पूर्व ४४ मध्ये ज्युलियस सीझरच्या हुकमाने ते वसाहत म्हणून पुन्हा वसले. वसवलेल्यांत गुलामगिरीतून सुटलेले पुष्कळ लोक होते. पश्चिमेला लेखायन आणि पूर्वेला किंख्रिया अशी दोन बंदरे, त्यामुळे व्यापार जोरात आणि पैसा नवा. जुन्या घराण्यांचा दबदबा नसलेल्या अशा शहरात माणूस आपली पत स्वतः उभी करतो आणि ती चारचौघांत मिरवतोही. अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवत पौल इथे दीड वर्ष राहिला. गल्लियो या अधिपतीपुढे त्याला उभे केले तेही इथेच. डेल्फीच्या शिलालेखात गल्लियोचा उल्लेख असल्यामुळे तो काळ इ. स. ५१-५२चा, असे आज खात्रीने म्हणता येते. पौल तिथून गेल्यावर काही वर्षांत ख्लोवेच्या माणसांनी इफिसला येऊन त्याला बातमी दिली की मंडळीत तट पडले आहेत.

मंडळी जमायची ती कुणाच्या तरी घरात. गायसासारख्याचे घर मोठे असणार, कारण सगळ्या मंडळीचा पाहुणचार तो करी. पण घर कितीही मोठे असले तरी आतल्या दालनात मोजकेच मावतात, बाकीचे अंगणात. अकराव्या अध्यायात प्रभुभोजनाची जी दशा दिसते ती अशाच घरातली आहे. ज्यांच्याकडे आहे ते आधी जेवून घेतात. दिवसभर दुसऱ्याच्या कामावर राबून उशिरा पोहोचणारा उपाशी राहतो आणि आधी आलेल्याला चढलेली असते. पौल चिडतो. हे प्रभूचे भोजनच नव्हे, असे तो ठणकावतो. उपाय मात्र साधा सांगतो : एकमेकांची वाट पाहा.

पुढचे तीन अध्याय कृपादानांचे आहेत, आणि दुखणे तेच आहे. जेवणात जे पुढे होते ते बोलण्यातही पुढे होऊ लागले. ज्याला अन्य भाषेचे दान तो उठून बोलत सुटतो, त्याच वेळी दुसरा संदेश देतो, तिसरा गातो. म्हणून जेवणाला लावलेला नियम पौल बोलण्यालाही लावतो. अन्य भाषेत बोलायचे तर दोघांनी किंवा फार तर तिघांनी, तेही एकामागून एक, आणि अर्थ सांगणारा असेल तरच. नसेल तर त्याने मनातल्या मनात देवाशी बोलावे. संदेष्ट्यांनीही दोघांतिघांनीच बोलावे आणि इतरांनी ते पारखून घ्यावे. ‘मला आवरतच नाही’ ही सबब तो ऐकून घेत नाही, कारण संदेष्ट्याचा आत्मा संदेष्ट्याच्या ताब्यात असतो. पौल स्वतः त्या सगळ्यांपेक्षा अधिक भाषांत बोलणारा होता. तरी मंडळीत समजतील असे पाच शब्द त्याला न समजणाऱ्या दहा हजारांपेक्षा मोलाचे वाटतात.

कसोटी एकच, मंडळीची उन्नती होते की नाही. ही कसोटी हवेत राहू नये म्हणून तो एक माणूस डोळ्यांपुढे उभा करतो. दारातून नुकताच आत आलेला, काही ठाऊक नसलेला. सगळे एकदम अन्य भाषांत बोलताना ऐकून तो म्हणेल, ही माणसे वेडी झाली आहेत. तुम्ही केलेल्या उपकारस्तुतीला तो आमेन तरी कसा म्हणणार? उपासनेची आखणी शेवटी आलेल्या या माणसाकडे पाहून करायची, हा विचार मला आजही धाडसी वाटतो. आपण ती बहुधा पहिल्या बाकाकडे पाहून करतो.

कृपादानांची यादी पौल कधी पुरी करत नाही. इथे ज्ञानाचे वचन, विश्वास, निरोगी करणे, अद्भुत कृत्ये, संदेश, आत्मे ओळखणे, भाषा आणि त्यांचा अर्थ आहेत. रोमकरांस लिहिताना सेवा, शिक्षण, बोध, दानधर्म आणि दया येतात. इफिसकरांच्या पत्रात पाळक आणि शिक्षक. बाराव्या अध्यायाच्या शेवटी साहाय्य करणे आणि व्यवस्था पाहणे ही दोन दाने चमत्कारांच्या शेजारी, भाषांच्या आधी बसवली आहेत. शनिवारी संध्याकाळी देवळात येऊन सतरंज्या घालणारी, प्रभुभोजनाचे पेले एकेक धुऊन पुसून उपडे ठेवणारी, कुणाच्या घरी आजारपण आहे हे पाळकांच्या आधी जिला कळते, अशी एक बाई जवळजवळ प्रत्येक मंडळीत असते. वार्षिक अहवालात तिचे नाव आभाराच्या शेवटच्या ओळीत येते. पौलाच्या हिशेबात ती कृपादान चालवते आहे.

स्त्रियांचा विषय टाळून चालणार नाही, कारण याच चौदाव्या अध्यायात स्त्रियांनी मंडळ्यांमध्ये गप्प राहावे असे लिहिले आहे आणि ते वचन आपल्याकडे शस्त्रासारखे वापरले गेले आहे. पण अकराव्या अध्यायात स्त्री प्रार्थना करते, संदेश देते, हे पौल गृहीतच धरतो. तिने मस्तक झाकावे की नाही एवढाच तिथला प्रश्न आहे. गप्प राहण्याविषयीची ती दोन वचने काही जुन्या हस्तलिखितांत अध्यायाच्या शेवटी आढळतात, त्यामुळे ती मुळात तिथे होती का, याची चर्चा अभ्यासक करतात. ती पौलाचीच मानली तरी, त्याच अध्यायात अन्य भाषिकाला आणि संदेष्ट्यालाही गप्प राहायला सांगितले आहे, तेही ठरावीक प्रसंगी. तिघांपैकी एकीचेच गप्प राहणे कायमचे करायचे, याला माझ्या लेखी आधार नाही. किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी हिची शिफारस पौलच करतो.

पुढच्या शतकांचा प्रवास थोडक्यात सांगतो. १८७३ मध्ये ब्रायेनियोस या ग्रीक धर्मगुरूला सापडलेल्या ‘दिदाखे’ या प्राचीन पुस्तिकेत फिरत्या संदेष्ट्यांची पारख दिली आहे : तीन दिवस मुक्काम ठोकणारा किंवा आत्म्याच्या नावाने पैसे मागणारा खोटा. दुसऱ्या शतकात फ्रुगियात मोंतानाच्या अनुयायांनी संदेशाचा जोर इतका वाढवला की मंडळ्या बिचकल्या. हळूहळू दाने पदाधिकाऱ्यांकडे गोळा झाली, बाकीचे ऐकणारे उरले. कॅथलिक परंपरेत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) कृपादाने सर्व श्रद्धावंतांची आहेत हे पुन्हा स्पष्ट सांगितले. तिच्यामुळेच वसईच्या भाविकांना मिस्सा मराठीतून मिळाली. समजणाऱ्या पाच शब्दांचे मोल त्या पिढीने अनुभवले आहे.

आपल्याकडचे सर्वांत मोठे उदाहरण केडगावचे. दोन दुष्काळांतून वाचवलेल्या मुली आणि विधवा मिळून सुमारे दोन हजार जणी विसाव्या शतकाच्या आरंभी पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात होत्या. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी प्रार्थनेसाठी सत्तरेक जणींचा गट सुरू केला. जूनपर्यंत तो साडेपाचशेवर गेला. २९ जूनच्या पहाटे एका मुलीला आपल्यावर अग्नी उतरल्याचा अनुभव आला. तिच्या अंगाला आग लागली असे वाटून एक सेविका पाण्याची बादली आणायला धावली, ही हकीकत मिनी एब्रम्स या रमाबाईंच्या अमेरिकन सहकारी बाईंमुळे जगभर गेली. दुसऱ्या दिवशी रमाबाई नेहमीप्रमाणे शांतपणे योहानाच्या शुभवर्तमानातला आठवा अध्याय शिकवत होत्या. एकाएकी सगळ्या मुली मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. रमाबाईंनी शिकवणे थांबवले. संस्कृत सभांमध्ये पंडितांसमोर बोललेली, ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळवलेली ही स्त्री दुष्काळातून आलेल्या मुलींपुढे गप्प बसली. तिसावे वचन मराठी भूमीवर याहून ठळकपणे घडल्याचे मला माहीत नाही.

त्या रडण्या-ओरडण्यावर टीका झाली. हिंदी माणसांत जागृती यायची तर ती त्यांच्या स्वभावाला साजेशी यावी, असे रमाबाईंचे उत्तर होते. पुढे अन्य भाषांचा अनुभव आला तेव्हाही त्यांनी तो दडपला नाही आणि तो प्रत्येकीला आलाच पाहिजे, अशी सक्तीही केली नाही. मुक्तीतले विणकाम, छापखाना, स्वयंपाक चालू राहिले. मुलींच्या टोळ्या आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला जाऊ लागल्या. दान कामाला लागले की नाही, ते तिथे दिसते. एब्रम्सबाईंनी लिहिलेली पुस्तिका चिलीत त्यांच्या एका जुन्या मैत्रिणीच्या हाती पडली आणि १९०९च्या वालपराइसोच्या जागृतीला तिने चालना दिली. केडगावच्या मुलींची नावे तिथे कुणाला ठाऊक नसतील.

दुसरी वाट कीर्तनाची. अहमदनगरचे कृष्णराव सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती कीर्तन उभे केले आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी भजने-अभंगांनी मराठी उपासनेची जीभ बदलली. कीर्तनात बुवा मध्ये असतात, पण टाळकरी धृपद उचलतात तेव्हा बुवा थांबतात आणि ओटीवर टेकलेला म्हाताराही गाऊ लागतो. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. त्यांना कुणी शाळेत घातले नव्हते.

आज आपण दोन टोकांना आहोत. जुन्या मंडळ्यांत छापील क्रमाबाहेर काही घडत नाही, पाळक प्रार्थना करतात, वाचतात, बोध करतात, आशीर्वाद देतात आणि मंडळी उठते आणि बसते. याला शिस्त म्हणणे मला पटत नाही, कारण इथे थांबावे असे कुणाला वाटतच नाही. नव्या सभांत वाद्यवृंद आणि ध्वनिक्षेपक यांच्या आवाजात शेजारच्याची प्रार्थना ऐकू येत नाही, आणि ध्वनिक्षेपक पुन्हा एकाच्याच हाती. तिथे रोग बरे झाल्याच्या साक्षी होतात, पण त्या पारखतो कोण? ‘देवाने मला सांगितले’ असे म्हणून कुणी एखाद्याची औषधे बंद करवतो, तेव्हा वडीलमंडळींनी गप्प बसणे हे पाप आहे. पारखणे म्हणजे आत्मा विझवणे नव्हे. थेस्सलनीकाकरांना पौल दोन्ही गोष्टी एका दमात सांगतो.

मार्ग फार अवघड नाहीत. बोधानंतर दहा मिनिटे मोकळी ठेवावी, दोघातिघांनी बोलावे, वडिलांनी त्यावर आठवड्याच्या आत एकत्र बसावे. साक्षीला दर वेळी तेच चेहरे उठत असतील तर त्यांना प्रेमाने बसवावे. आणि अर्थ सांगणाऱ्याचे दान शोधावे, अगदी साध्या अर्थानेही. नवापूरकडे ख्रिस्ती मंडळ्यांत मावची बोलणारी माणसे मोठ्या संख्येने आहेत. पाहुणा पाळक प्रमाण मराठीत तासभर बोलतो तेव्हा तिथल्या आज्यांची स्थिती करिंथच्या दारात उभ्या असलेल्या माणसासारखीच असते. दोन्ही भाषा जाणणारी एखादी मुलगी शेजारी उभी करून वाक्यागणिक थांबायचे ठरवले, तर बोध अर्ध्यावर आणावा लागेल. तो आणावा. आणि बोध संपल्यावर आजीला काही बोलायचे असेल, तर त्याच मुलीने ते मराठीत पाळकांना सांगावे.