मुंबईच्या सरसला निघताय? मग हे वाचूनच निघा

मैत्रिणींनो, महालक्ष्मी सरसमध्ये स्टॉल मिळाला की आपण पापड, मसाला, लोणचं यांच्या तयारीला लागतो. प्रवासाचं मात्र "पाहू वेळेवर" म्हणून राहून जातं. मग गाडी चुकते, माल भिजतो, नाही तर हमालीतच नफा जातो. म्हणून नीट समजून घेऊ.

गाडी कुठून पकडायची?
यवतमाळहून मुंबईला सरळ रेल्वे नाही. जवळचं सोयीचं स्टेशन धामणगाव, साधारण ५० किलोमीटर. विदर्भ एक्स्प्रेस तिथे थांबते. वर्धा आणि बडनेरा इथूनही मुंबईच्या गाड्या मिळतात. पुसद-उमरखेडच्या ताईंनी आपल्याला कोणतं स्टेशन जवळ पडतं ते आधी पाहावं. गाडीची वेळ बदलू शकते, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी १३९ वर फोन करून विचारा.

तारखेत फसू नका
रात्री १२ वाजले की तारीख बदलते. तिकिटावर १५ तारीख आणि वेळ रात्री १२.२० असेल, तर स्टेशनवर १४ तारखेच्या रात्रीच पोहोचायचं. १५ च्या रात्री गेलात, तर गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते आणि पैसे बुडतात.

तिकीट
रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं. सरसची तारीख कळली की त्याच आठवड्यात तिकीट काढा. ऑनलाइन तिकीट शेवटपर्यंत वेटिंगमध्येच राहिलं, तर ते आपोआप रद्द होतं. त्या तिकिटावर गाडीत चढू नका. ४५ वर्षांवरच्या ताईंना जागा असेल तर खालचा बर्थ मिळतो, म्हणून फॉर्मवर वय बरोबर लिहा. ओळखपत्र अस्सल ठेवा.

लक्षात ठेवा, महिलांचं अर्धं तिकीट एसटीत आहे, रेल्वेत नाही. १७ मार्च २०२३ पासूनची ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते. म्हणजे आदिलाबादला जायचं तर हद्दीच्या पुढचं भाडं पूर्ण. ७५ वर्षांवरच्यांना एसटी मोफत आहे.

सामान
स्लीपरच्या डब्यात एका तिकिटावर ४० किलो सामान नेता येतं. चौघी असाल तर १६० किलो झाले. त्याहून जास्त असेल तर आधीच पार्सल ऑफिसात बुक करा. गॅस सिलिंडर, रॉकेल, पेटती शेगडी रेल्वेत चालत नाही. जेवणाचा स्टॉल असेल तर गॅसची सोय तिथे काय आहे, ते निघण्याआधीच विचारून घ्या.

आपल्याकडची हवा कोरडी, मुंबईची दमट. इथे कुरकुरीत असलेला पापड तिथे दोन दिवसांत मऊ पडतो. माल हवाबंद पाकिटात भरा, खोकी जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा. अन्न परवान्याची प्रत सोबत असू द्या.

मुंबईत उतरल्यावर
बहुतेक लोकल स्टेशनांना पूर्व आणि पश्चिम अशा दोन बाजू असतात. मैदान कोणत्या बाजूला आहे ते आधी विचारा, नाही तर ओझं घेऊन पूल चढत बसावं लागेल. सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ९ लोकलमध्ये सामान घेऊन चढूच नका. एकटी असाल तर महिलांच्या डब्यातच बसा.

घाम खूप जातो, म्हणून पाणी पीत राहा. गळल्यासारखं झालं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट प्या. चमचा चहाचा घ्यायचा. बीपी-शुगरच्या गोळ्या पूर्ण दिवसांच्या घ्या, आणि त्या हातातल्या पिशवीत ठेवा, खोक्यात नको.

पैसे
पैसे घ्यायला पिन लागत नाही. "पैसे पाठवतो, पिन टाका" असं कोणी म्हटलं तर तो फसवतोय. रोकड दोघींकडे वाटून ठेवा. घरचे आणि गटाचे नंबर कागदावरही लिहून घ्या, मोबाइल हरवला तर कामी येतील. अडचण आली तर ११२, महिलांसाठी १८१.

शेवटचं आणि महत्त्वाचं: तिकीट, हमाली, रिक्षा, चहा सगळं रोजच्या रोज वहीत लिहा. विक्री म्हणजे नफा नव्हे. परतल्यावर ती वही ग्रामसंघाच्या बैठकीत वाचून दाखवा. पुढच्या वर्षी जाणाऱ्या ताईंना त्यातूनच कळेल, किती माल न्यावा आणि भाव काय लावावा.