पाहुण्याची नोंद

तळोद्याहून चांदसैलीचा घाट चढून धडगावकडे निघालेली आमची जीप एका खिंडीत थांबली आणि "आता इथून पायी" एवढेच बोलून चालकाने डोक्याला रुमाल गुंडाळला, तेव्हा ढोलाचा आवाज दोन टेकड्यांपलीकडून येत होता. चैत्राचे ऊन, पानगळीने उघडे पडलेले सातपुड्याचे डोंगर आणि वाटेवर मोहाच्या गळालेल्या फुलांचा गोडसर, किंचित आंबूस वास, अशा थाटात मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या बहिणीच्या लग्नाला निघालो होतो. विद्यार्थी पावरा जमातीचा, मी धुळ्याचा पेन्शनर मास्तर. अंतर फार नव्हते, पण त्या पाड्यावर मी परदेशी पाहुण्याइतकाच परका होतो.

धडगाव ज्यात येते तो अक्राणी हा जुन्या पश्चिम खानदेशातील एक महाल. पुढे तो धुळे जिल्ह्यात राहिला व 1 जुलै 1998 रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाल्यावर त्यात गेला. या जिल्ह्यात 2011 च्या शिरगणतीप्रमाणे शेकडा 69 लोक अनुसूचित जमातींचे असून भिल्ल, पावरा, मावची, कोकणा हे त्यांतील प्रमुख समाज होत. त्यामुळे येथे ‘परका’ कोण, याचा निकाल बहुसंख्येने करायचा झाल्यास तो आपल्याविरुद्धच जाईल.

पाड्यावर घरे एकमेकांना चिकटून नसतात. ज्याचे घर त्याच्या शेतात, बांबूच्या कुडाचे. मांडवात बसताक्षणी एका वृद्धाने माझे कूळ विचारले. एका कुळात सोयरीक होत नाही, म्हणून नव्या इसमाची पहिली चौकशी तीच; नाव आणि हुद्दा नंतर. माझ्या गोत्राचा त्याला काडीचा उपयोग नव्हता. तो बराच वेळ विड्या ओढणाऱ्या इतर म्हाताऱ्यांशी पावरी बोलीत बोलत राहिला आणि अखेर विद्यार्थ्याने निर्णय मराठीत सांगितला : "गुरुजी, तुम्ही मला शिकवलंत, म्हणून आईचे भाऊ. मुलीचे मामा."

शहरातील सुशिक्षित माणूस या लग्नात सर्वांत आधी ज्या गोष्टीला अडखळतो ती म्हणजे देज. वरपक्षाने वधूपक्षाला द्यावयाची ही रक्कम पंचांच्या बैठकीत तासन्‌तास घासाघीस होऊन ठरते, आणि ती ऐकून आपल्याकडचे लोक ‘मुलगी विकतात’ असे म्हणून मोकळे होतात. ज्यांच्या घरात 1961 च्या हुंडाबंदी कायद्यानंतरही मुलीच्या बापाने कर्ज काढून जावयाला स्कूटर दिली, त्यांनी हे म्हणावे याचे मला हसू येते. देजात पिळवणूक होत नाही असे नाही. रक्कम फुगली की मुलगा सावकाराच्या वहीत जातो. पण मुलगी गेल्याने एका घराचे शेतातले दोन हात कमी झाले, आणि त्या हातांना किंमत आहे, एवढे तरी हा व्यवहार मान्य करतो. हुंड्याला तेही मान्य नसते.

सोयरीक पक्की होते ती मोहाच्या दारूने. पळसाच्या पानाचा द्रोण माझ्या हाती आला. मी घुटका घेणार एवढ्यात शेजारच्याने माझे मनगट हलकेच धरले. आधी बोटांनी दोन-चार थेंब जमिनीवर सांडायचे, पूर्वजांच्या नावाने, मग आपण. 1949 च्या दारूबंदी कायद्याने ज्या पेयाला गुन्ह्याच्या कोष्टकात बसविले, त्याचा पहिला वाटा येथे मेलेल्यांचा असतो. पुढचे विधी ब्राह्मण पुरोहितावाचून पार पडले. म्हातारी माणसे आणि गाणाऱ्या बायका, एवढ्यांवर त्यांचे सारे पौरोहित्य चालले होते, आणि एखादी गोष्ट चुकली की बायका गाणे अर्ध्यावर तोडून खुशाल भांडत.

जेवणाआधी मांडवाच्या तोंडाशी एक तरुण शाळकरी वही उघडून बसला होता. आहेराची रक्कम, नाव, गाव. चीनमध्येही लग्नाच्या दारी असेच मेज मांडून तांबड्या पाकिटांतून आलेल्या रकमा नावांनिशी टिपून ठेवतात, आणि तेथेही वरपक्ष वधूपक्षाला ‘त्साय्‌ली’ देतो. फरक आकड्यात. तेथे सम आकडा शुभ, त्यातही चार वर्ज्य, कारण त्याचा उच्चार मृत्यूच्या शब्दाशी जुळतो. आपण मात्र शंभरावर एक रुपया चढवून रक्कम मुद्दाम विषम करतो. मी 101 दिले. तरुणाने माझे नाव विचारलेच नाही. त्याने लिहिले : ‘मामा, धुळे’.

मामापणाचा हिशेब रात्री चुकता करावा लागला. ढोल, थाळी आणि पावरी या वाद्यांच्या तालात नातलग नवरीला आळीपाळीने खांद्यावर घेऊन नाचत होते, आणि माझी पाळी आली. चांदीच्या दागिन्यांनी जड झालेली ती मुलगी माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहून इतकी हसली की एका धिप्पाड पोराने माझ्या नावाने तिला उचलले, आणि मी त्याच्या सदऱ्याचे टोक धरून फेर धरला. एवढ्यावर भागले.

दोन वर्षांनी धुळ्याच्या एका मंगल कार्यालयात माझ्या धाकट्या मुलीचे लग्न होते. पत्रिकेवर ठळक अक्षरांत छापले होते की कृपया आहेर आणू नये. दुपारच्या सुमारास धडगावहून तिघे जण आले : तो विद्यार्थी, कूळ विचारणारा वृद्ध आणि तो वहीवाला तरुण. अक्षता झाल्या, पंगत झाली, तरी ते तिघे दारापाशीच घुटमळत राहिले. मी कारण विचारले तेव्हा वृद्धाने खिशातून घडी केलेल्या नोटा काढल्या, 151 रुपये, आणि इकडेतिकडे पाहत विचारले, "वही कुठाय?"

मी समोरच्या दुकानातून एक वही मागविली.